किनाऱ्यावरचा केशरी बोका: एका हरवलेल्या कंटेनरचं प्रकरण

फ्रान्सच्या अगदी पश्चिमेला, ब्रिटनी प्रांताचं टोक जिथे अटलांटिकमध्ये घुसतं, तिथे किनारा साफ करायला जाणाऱ्यांना तीसहून जास्त वर्षं एक ठरलेली वस्तू सापडत आली: गारफिल्ड या अमेरिकन कॉमिकमधल्या बोक्याच्या आकाराचा फोन. अख्खा क्वचितच. बहुतेक वेळा नुसता पंजा, अर्धा चेहरा, काळ्या पट्ट्यांची केशरी पाठ, नाहीतर वेटोळ्यांची वायर. हे फोन येतात कुठून, हे मार्च २०१९ पर्यंत जाहीरपणे कोणालाच सांगता आलं नव्हतं. आणि उत्तर ठाऊक असलेला माणूस सगळा वेळ त्याच परिसरात शेती करत होता.

कोकणात किनारा-सफाई करणाऱ्या आमच्या छोट्या गटासाठी मी हे प्रकरण लिहून काढलं. गावं आणि तारखा खऱ्या आहेत. खासगी माणसांची आणि तिथल्या स्थानिक संस्थेची नावं गाळली आहेत, कारण इथे कोणाला दोष द्यायचा नाही आणि कोणाला हारही घालायचे नाहीत.

पार्श्वभूमी: बोका

आधी बोक्याबद्दल, कारण तो नसता तर हे प्रकरणच झालं नसतं.

जिम डेव्हिस हा अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातला, शेतावर वाढलेला चित्रकार. घरच्या शेतावर पंचवीसेक मांजरं होती म्हणतात. पण त्याने सुरुवातीला काढली ती एका चिलटाची चित्रमालिका. स्थानिक साप्ताहिकात ती चालली, पुढे मात्र सरकेना. चित्रं चांगली, विनोद चांगले, पण किड्याबद्दल कोणाला आपलेपणा वाटणार, असं त्याला एका संपादकाने ऐकवलं. तेव्हा त्याने बाजार नीट न्याहाळला. कॉमिकच्या पानावर कुत्रे पुष्कळ होते. मांजरांची जागा बरीचशी रिकामी होती. १९ जून १९७८ रोजी अमेरिकेतल्या ४१ वर्तमानपत्रांत गारफिल्ड अवतरला. आजोबांच्या नावातूनच डेव्हिसने त्याचं नाव घेतलं होतं.

काही महिन्यांतच शिकागोच्या एका वर्तमानपत्राने मालिका बंद केली. तेराशेहून जास्त वाचकांनी पत्रं लिहिली, फोन केले, आणि बोका परत आला. २००२ मध्ये गिनीजने त्याची जगातली सर्वाधिक वर्तमानपत्रांत छापली जाणारी चित्रमालिका म्हणून नोंद केली. तेव्हा आकडा २,५७० होता.

इतका काळ तो टिकला कसा, याचं उत्तर मला त्याच्या रेषेपेक्षा डेव्हिसने काय गाळलं त्यात जास्त दिसतं. राजकारण नाही, चालू घडामोडी नाहीत, एका भाषेपुरती शब्दांची कोटी शक्यतो नाही. खाणं, झोपणं, सोमवारचा तिटकारा, वजनकाट्याशी भांडण. लझान्या हा त्याचा आवडता इटालियन पदार्थ कधी न चाखलेल्या माणसालाही भूक समजते. त्यामुळे १९८३ ची पट्टी आज वाचली तरी खाली टीप लागत नाही. डेव्हिसने स्वतःही कधी लपवलं नाही की त्याला विकता येईल असं पात्र हवं होतं. ते विकलं गेलं: पुस्तकं, कप, चादरी, गाडीच्या काचेला चिकटणारी बाहुली. आणि फोन.

फोनमागे आणखी एक कारण होतं. अमेरिकेत अनेक दशकं घरातला फोन टेलिफोन कंपनीकडून भाड्याने मिळायचा. ती पद्धत मोडत गेली आणि आपल्या आवडीचा फोन दुकानातून विकत आणायची चाल ऐंशीच्या दशकात पसरली. त्या लाटेत टायको या खेळण्यांच्या कंपनीने गारफिल्डचा फोन आणला. पोटावर पसरलेला केशरी बोका. त्याची पाठ म्हणजेच रिसीव्हर. पाठ उचलली की डोळे उघडायचे, खाली ठेवली की मिटायचे. झोपमोड झालेला बोका! खेळण्याच्या नजरेने पाहिलं तर कल्पना झकास होती.

पार्श्वभूमी: किनारा

हे सगळं ज्या किनाऱ्याला लागलं तो फिनिस्तेर जिल्हा. नावाचा अर्थच ‘जमिनीचा शेवट’. इंग्लिश खाडीत शिरणारी आणि तिथून निघणारी मोठी जहाजं या टोकाला वळसा घालून जातात. १६ मार्च १९७८ रोजी, म्हणजे गारफिल्ड छापून येण्याच्या तीन महिने आधी, ‘अमोको कादिझ’ हे तेलवाहू जहाज याच जिल्ह्यात पोर्सालजवळ खडकांवर आदळलं. सुमारे २ लाख २० हजार टन कच्चं तेल समुद्रात गेलं. तिथल्या माणसांनी महिनोन्‌महिने काळं तेल बादल्यांनी उपसलं. समुद्रातून संकट येतं म्हणजे काय, हे त्यांना नव्याने सांगावं लागत नव्हतं.

मला वाटतं, पुढे फोनांकडे सुरुवातीला काणाडोळा झाला त्याचं एक कारण हेच असावं. ज्याने तेलाने माखलेले पक्षी पाहिलेत, त्याला प्लास्टिकचा बोका संकट वाटणार तरी कसा?

अडचण

ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून तुकडे लागत होते. २००० च्या सुमाराला किनारा साफ करणारी एक स्थानिक संस्था उभी राहिली. पुढच्या अठराएक वर्षांत जवळजवळ प्रत्येक सफाईला गारफिल्डचा काही ना काही तुकडा त्यांच्या हाती आला. २००७ मध्ये इथलाच समुद्र फ्रान्सचं पहिलं सागरी निसर्ग उद्यान म्हणून जाहीर झाला, तरी बोका येतच राहिला. २०१८ या एकाच वर्षात दोनशेच्या आसपास तुकडे मोजले गेले.

समुद्रात पडलेला माल वाहून येणं नवं नाही. जानेवारी १९९२ मध्ये पॅसिफिकमध्ये एका जहाजावरून २८,८०० आंघोळीची खेळणी पडली. फेब्रुवारी १९९७ मध्ये इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाजवळ ६२ कंटेनर पडले आणि त्यातल्या एकातून लेगोचे लाखो तुकडे. पण त्या दोन्ही वेळी जहाजाचं नाव, तारीख, जागा माहीत होती. आपल्याकडे ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराबाहेर ‘एमएससी चित्रा’ला दुसऱ्या जहाजाची धडक बसली, दोनशेहून जास्त कंटेनर पाण्यात गेले, काही रायगडच्या किनाऱ्याला लागले. तिथेही निदान कोणाकडे बोट दाखवायचं ते ठाऊक होतं. ब्रिटनीत ना जहाज, ना तारीख, ना तक्रार. होता तो फक्त चेहरा.

सगळ्यांनी धरून चाललेला तर्क असा: कंटेनर समुद्रात पडला, तळाशी बसला, आणि वादळ झालं की थोडे थोडे फोन बाहेर टाकतो. ऐकायला पटण्यासारखं. हा तर्क बरोबर असेल तर करण्यासारखं काहीच नव्हतं, कारण समुद्राचा तळ चाळायचा कोणी आणि कुठे?

समोरचे पर्याय

सगळ्यात सोपं म्हणजे वेचत राहणं. तुकडा दिसला, पिशवीत टाकला, पुढे. बहुतेक सफाई गट हेच करतात, आम्हीही करतो. त्यात काही वाईट नाही, पण वीस वर्षांनी हाती काय उरतं? भरलेल्या पिशव्यांची संख्या.

बोक्याच्या मालकाकडे जाणं हा दुसरा मार्ग. तुकड्यावर चेहरा एवढा ओळखीचा असताना तो मोह होणारच. पण फोन बनवणारी टायको १९९७ मध्येच मॅटेल या दुसऱ्या खेळण्यांच्या कंपनीत विलीन झाली होती. गारफिल्डचे हक्क मुळात वर्तमानपत्रांना चित्रमालिका पुरवणाऱ्या युनायटेड फीचर सिंडिकेटकडे होते; १९९४ मध्ये डेव्हिसच्या कंपनीने ते विकत घेतले. आणि मुळात चित्रकाराने किंवा कारखानदाराने कंटेनर समुद्रात ढकलला नव्हता. जबाबदारी वाहतुकीची होती, आणि वाहतूक कोणी केली याचाच कागद नव्हता. नाव ज्याचं छापलेलं, बोट त्याच्याकडे दाखवणं सोपं जातं. इथे ते चुकीचं ठरलं असतं.

अज्ञात जहाजाविरुद्ध कायदेशीर तक्रार करायची म्हटली तर तीस वर्षांपूर्वीची घटना, पुरावा म्हणून केशरी तुकडे. हा पर्याय म्हणायला पर्याय.

उरला तो मार्ग म्हणजे बोक्याच्या प्रसिद्धीचाच उपयोग करून घेणं: गारफिल्डचे तुकडे वेगळे काढायचे, मोजायचे, फोटो काढायचे, लोकांपुढे मांडायचे. संस्थेने हे केलं, आणि माझ्या मते या प्रकरणातला हा पहिला खरा निर्णय. किनाऱ्यावर पडलेल्या बाटलीच्या झाकणाला कोणी विचारत नाही, तू कुणाचं. चपलेलाही नाही, आमच्या किनाऱ्यावर चपला सगळ्यात जास्त निघतात आणि प्रत्येक चपल एकटी असते. पण पन्नास वेगवेगळ्या जागी सापडलेला एकच ओळखीचा चेहरा म्हणजे आपोआप लागलेलं लेबल. हा सगळा कचरा एकाच ठिकाणाहून येतोय, हे तो चेहरा ओरडून सांगतो.

या निर्णयाला एक किंमत होती. हसऱ्या बोक्याची बातमी होते, कुजक्या जाळ्याची होत नाही. एका गमतीदार वस्तूवर नजर खिळली की बाजूचं शंभर किलो निनावी प्लास्टिक दिसेनासं होतं. तरी मी त्यांच्या जागी असतो तर हेच केलं असतं.

काय केलं

२०१९ च्या सुरुवातीला फ्रान्सइन्फो या सार्वजनिक वृत्तसेवेने लोकांकडून प्रदूषणाच्या ठिकाणांची माहिती मागवणारी मोहीम चालवली होती. त्यात गारफिल्डच्या फोनांची गोष्ट आली. बातमी चघळायला छान होती, पसरली.

आणि मग तो शेतकरी पुढे आला.

त्याची हकीकत अशी. ऐंशीच्या दशकात, तो विशीत असताना, एक मोठं वादळ झालं. वादळानंतर किनाऱ्यावर केशरी फोन विखुरलेले दिसले. त्याच्या भावाला इथल्या कड्याकपारी पाठ होत्या. दोघं शोधत शोधत खडकातल्या एका घळीपर्यंत पोचले आणि आत शिरले. आत कंटेनर अडकलेला होता. जागा जिवावर बेतणारी, म्हणून फार आत गेले नाहीत. परत आले, आणि आयुष्य पुढे सरकलं.

म्हणजे कंटेनर समुद्राच्या तळाशी नव्हताच. जमिनीच्या पोटात होता.

या टप्प्यावर घाई झाली असती तर कोणाचा तरी जीव गेला असता. तिथे मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतला फरक सातेक मीटरचा असतो. मुंबईत तो पाचच्या आसपास असतो, त्यावरून अंदाज येईल. गुहेचं तोंड फक्त ओहोटीला उघडं पडतं, आणि पाणी परत फिरलं की आतल्या माणसाला बाहेर पडायला वाट राहत नाही. तेव्हा योग्य ओहोटीची वाट पाहून, मार्चमध्ये, संस्थेची माणसं आणि पत्रकार त्याच्याबरोबर गेले. ऐकीव माहितीवर बातमी संपवली नाही, स्वतः जाऊन पाहिलं, हा दुसरा महत्त्वाचा निर्णय.

वाटेतल्या खडकांतच तुकडे दिसायला लागले. आत दगडगोट्यांखाली गाडले गेलेले कंटेनरचे अवशेष होते, त्यांच्या आजूबाजूला बोक्याचे भाग. शेतकऱ्याची गोष्ट खरी निघाली.

निष्पत्ती

पण गुहा जवळजवळ रिकामी होती. तीस-पस्तीस वर्षांत समुद्राने बहुतेक फोन नेले होते. उगम सापडला तो आटल्यावर. जहाज कोणतं, मालक कोण, माल कुठून कुठे चालला होता, यांतलं काहीच त्या गुहेत लिहिलेलं नव्हतं, आणि नुकसानभरपाई मागायला कोणाचं दार मिळालं नाही.

जगभरच्या वर्तमानपत्रांनी ‘गूढ उकललं’ असे मथळे दिले. मला ते मथळे पटत नाहीत. ‘कुठून’ एवढंच उकललं; ‘कोणी’ तसंच राहिलं. सफाई करणाऱ्यांच्या दृष्टीने तर एक वाईट बातमी पक्की झाली: गुहा बंद करून प्रश्न मिटणार नव्हता, कारण फोन आता बाहेर होते. तेव्हाचं प्लास्टिक इतकं टणक की कित्येक तुकड्यांचा केशरी रंगही उतरलेला नव्हता.

दुसरीकडे, ब्रिटनीतल्या त्या कोपऱ्याकडे अमोको कादिझनंतर क्वचितच इतकं जगाचं लक्ष गेलं असेल. गारफिल्ड तिथे सागरी प्लास्टिकचं बोधचिन्हच होऊन बसला, कोणी परवाना न मागता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, गुहेनंतर पाचेक महिन्यांनी, व्हायाकॉम या अमेरिकन माध्यम कंपनीने डेव्हिसची कंपनी विकत घेत असल्याचं जाहीर केलं. बोक्याचं भाव-मोल ठरवणाऱ्या त्या व्यवहारात किनाऱ्यावरचा बोका अर्थातच कुठे नव्हता.

वेगळं काय करता आलं असतं

शेतकऱ्याने तेव्हाच का सांगितलं नाही, हा प्रश्न सगळ्यात आधी मनात येतो आणि तोच सगळ्यात बिनकामाचा आहे. कोणाला सांगायचं होतं? त्या काळी खडकात अडकलेला खेळण्यांचा कंटेनर ही गावातली नवलाई होती, प्रदूषण नव्हतं. प्लास्टिक मोजणारी संस्था नव्हती, अर्ज नव्हता, फोन नंबर नव्हता. विशीतल्या दोन भावांनी धाडस केलं, पाहिलं, विसरले. त्यांच्या जागी आपण असतो तर चार मित्रांना सांगून मोकळे झालो असतो.

मला जास्त टोचतो तो पुढचा भाग. संस्था अठरा वर्षं तुकडे वेचत होती आणि शेतकरी अठरा वर्षं त्याच परिसरात होता. दोघांची गाठ पडायला राष्ट्रीय बातमी लागली. ‘कंटेनर तळाशी आहे’ हा तर्क इतका पक्का बसला होता की गावात जाऊन विचारावं असं कोणाला सुचलं नसावं. तर्क चुकीचा होता हे एक, पण त्याने चौकशीच थांबवली हे त्याहून वाईट. नेहमी तुकडे लागतात त्या जागा नकाशावर मांडल्या असत्या, ज्या म्हाताऱ्या मच्छीमारांना आणि शेतकऱ्यांना ते खडक घरच्या अंगणासारखे ठाऊक आहेत त्यांना बसवून विचारलं असतं, तर दहा वर्षं आधी गुहा सापडली असती का? सापडली असती असं मी छातीठोक म्हणणार नाही. पण ही चौकशी फुकट होती, आणि दहा वर्षं आधी गुहेत आजच्यापेक्षा जास्त फोन असते, एवढं तरी नक्की.

जहाजाच्या बाजूने पाहिलं तर मूळ चूक साधी आहे: कंटेनर पडला तेव्हा कोणी कळवलं नाही, किंवा कळवलं असेल तर ते किनाऱ्यापर्यंत पोचलं नाही. ती फट बुजवायला जगाला फार वेळ लागला. कंटेनर पाण्यात पडला की जहाजाच्या कप्तानाने जवळच्या जहाजांना, किनाऱ्यावरच्या देशाला आणि जहाज ज्या देशाचं त्यालाही कळवलंच पाहिजे, असा आंतरराष्ट्रीय नियम १ जानेवारी २०२६ पासून लागू झाला. गारफिल्डचा कंटेनर पडल्याला तोवर चाळीसेक वर्षं झाली होती.

आमच्या गटापुरता मी एक बदल केला. सफाईनंतर भरायच्या तक्त्यात काय सापडलं, किती, कुठे, हे रकाने होतेच. त्यांच्या शेजारी ‘वाडीत कोणाला विचारलं?’ असा एक रकाना वाढवला. पहिले तीन महिने तो रिकामाच राहिला, कारण उन्हात दोन तास वाकल्यावर कोणाला गप्पा मारायचं त्राण नसतं. चौथ्या वेळी जाळी सोडवत बसलेल्या एका आजींना आम्ही निळ्या दोराचा गुंता दाखवला. त्यांनी तो बोटांनी चाचपला आणि म्हणाल्या, “हा आमच्या खाडीतला नव्हं, पोरांनो. आमच्या बोटींचा दोर हिरवा. हा बाहेरच्या मोठ्या बोटींचा, वारा फिरला की येतो.” रकान्यात तेवढंच लिहिलं, तारखेसकट.